मुंबई–लंडन: अंतर तेवढंच, मग जाताना दहा तास आणि येताना पावणेनऊ का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: आई-वडील डिसेंबरमध्ये मुंबईहून लंडनला मुलीकडे निघालेत, एप्रिलमध्ये परत येणार. इंटरनेटवर अंतर ७,२०० किलोमीटर दिसतं, विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर सांगतात, म्हणजे आठ तास व्हायला हवेत. तिकिटावर मात्र जाताना दहा तास आणि येताना पावणेनऊ तास लिहिलेत. यातला खरा आकडा कुठला, आणि पुढची जुळवाजुळव कुठल्या आकड्यावर करायची?

तिकिटावरचा आकडा धरा. बाकीचे दोन्ही आकडे खोटे नाहीत, पण त्यांचा भागाकार करून प्रवासाचा वेळ निघत नाही. मी मुंबईत फ्लाइट डिस्पॅचचं काम करत आले आहे. विमान सुटण्याआधी त्याचा मार्ग, उंची, इंधन आणि वेळ ठरवून वैमानिकासमोर ठेवायचा, हे आमचं काम. या कामात किलोमीटर फार कमी वेळा तोंडी येतात. वारा किती, कोणाची हवाई हद्द उघडी, समोरच्या विमानतळावर गर्दी किती, एवढ्यावरच बोलणं चालतं. म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी ते ७,२०० किलोमीटर. हे अंतर पृथ्वीच्या गोलावरून मोजलेलं, दोन विमानतळांमधलं सर्वांत कमी अंतर आहे. नकाशाचा चपटा कागद विसरा. घरात पृथ्वीगोल असेल तर मुंबई आणि लंडनवर दोरा ताणून धरा. तो सौराष्ट्र आणि कच्छवरून कराचीच्या बाजूला जातो, बलुचिस्तान ओलांडून इराणच्या पूर्व भागात शिरतो, मग कॅस्पियन समुद्राचा नैर्ऋत्य कोपरा, अझरबैजान, काळ्या समुद्राचा ईशान्य भाग, युक्रेन, पोलंड, जर्मनी असं करत लंडनला पोचतो. मुंबईतून निघताना त्याची दिशा जवळपास वायव्य असते. म्हणूनच सीटसमोरच्या पडद्यावरचा मार्ग उत्तरेकडे फुगलेला दिसतो आणि प्रवाशांना वाटतं की विमान उगाच वळसा घेतंय. फुगलेला दिसणारा तो मार्गच जवळचा असतो.

या आकड्यात एक साधा घोटाळा नेहमी होतो. एका ठिकाणी हेच अंतर ४,४८० मैल लिहिलेलं सापडतं आणि दुसऱ्या ठिकाणी ३,८९० मैल. दोन्ही बरोबर आहेत. पहिले जमिनीवरचे मैल, दुसरे नॉटिकल मैल. विमान आणि जहाजांच्या कामात नॉटिकल मैलच वापरतात, आणि तो १.८५२ किलोमीटरचा असतो.

आता त्या दोऱ्यावरून कुठलं विमान उडतं? बहुतेक कुठलंच नाही. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद झालं. त्याच्या पूर्व भागावरून जाणं कंपन्यांनी त्याआधीच सोडलं होतं, कारण १७ जुलै २०१४ रोजी ॲमस्टरडॅमहून क्वालालंपूरला चाललेलं प्रवासी विमान तिथे क्षेपणास्त्राने पाडलं गेलं आणि २९८ माणसं गेली. डिस्पॅचच्या टेबलावर बसलेला कोणीही तो दिवस विसरलेला नाही. बंद नसलेली पण धोक्याची हवाई हद्द टाळण्यासाठी लांबचा मार्ग घेताना कोणी इंधनाचा हिशेब दाखवला, तर त्याच्यापुढे हे एक उदाहरण ठेवलं की पुरतं.

दुसरी अडचण आपल्या दाराशीच आहे. बालाकोटनंतर २७ फेब्रुवारी २०१९ ला पाकिस्तानचं आकाश बंद झालं, ते १६ जुलैला पूर्ववत उघडलं. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना पुन्हा बंदी केली, काही दिवसांत भारतानेही तेच केलं, आणि मग ही मुदत महिन्या-महिन्याने वाढत गेली. ही बंदी भारतीय कंपन्यांना होती, ब्रिटिश कंपन्यांच्या विमानांना नव्हती. त्यामुळे त्याच दोन शहरांमध्ये, त्याच दिवशी उडणाऱ्या दोन कंपन्यांच्या वेळांमध्ये फरक पडू शकतो. मुंबईकरांना याचा फटका तुलनेने कमी बसतो, कारण आपण सरळ अरबी समुद्रावरून ओमानकडे निघून जातो. दिल्लीचं विमान मात्र आधी राजस्थान-गुजरात उतरून खाली येतं आणि मग पश्चिमेला वळतं. दिल्ली–लंडन हे अंतर मुंबई–लंडनपेक्षा कमी आहे. तरी अशा बंदीच्या काळात दिल्लीहून निघालेला प्रवासी मुंबईकराइतकाच किंवा थोडा जास्त वेळ विमानात असू शकतो. अंतरावरून वेळ काढू नका असं मी म्हणते, त्याला याहून चांगला दाखला नाही.

मुंबईहून प्रत्यक्षात मार्ग साधारण असे पडतात: ओमान, मग आखात, इराक, तुर्कस्तान, काळ्या समुद्राची पश्चिम बाजू आणि मध्य युरोप. किंवा त्याहून दक्षिणेचा, सौदी अरेबिया आणि इजिप्तवरून भूमध्य समुद्र गाठून इटली-फ्रान्स. पश्चिम आशियात ज्या आठवड्यात तणाव असेल त्या आठवड्यात पहिल्यातला एखादा तुकडा गळतो आणि दुसरा मार्ग पुढे येतो. उडलेलं अंतर मग साडेसात ते आठ हजार किलोमीटरच्या घरात जातं. शिवाय बहुतेक देश आपल्या आकाशातून जाण्याचं शुल्क घेतात, सहसा विमानाचं वजन आणि कापलेलं अंतर पाहून. त्यामुळे मार्ग निवडताना वेळ, इंधन आणि हे शुल्क अशी तिन्हींची बेरीज मांडावी लागते.

पण आता खऱ्या मुद्द्याकडे येऊ, तो म्हणजे वारा.

पृथ्वीच्या मध्य अक्षांशांवर, दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे असतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यातला एक पट्टा दक्षिणेकडे सरकून अरबस्तानचा उत्तर भाग, इराण आणि उत्तर भारतावरून जातो. त्यात १०० नॉट (एक नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल), म्हणजे ताशी १८५ किलोमीटरचा वारा मिळणं मुळीच नवलाचं नाही. डिसेंबरात लंडनला निघालेल्या विमानाला नेमकं याच पट्ट्याच्या उरावर जायचं असतं. परतीच्या विमानाला तोच वारा पाठीमागून ढकलतो.

आम्ही वैमानिकाला जो फ्लाइट प्लॅन देतो त्यात मार्गावरचा प्रत्येक बिंदू एका ओळीत असतो. त्या ओळीत उंची, तापमान, पुढच्या बिंदूपर्यंतचे मिनिट, तिथे उरणारं इंधन, आणि वारा. वारा असा लिहिलेला असतो: २६०/०९५. म्हणजे २६० अंशांकडून, जवळपास पश्चिमेकडून, ९५ नॉटने येणारा. सगळ्या ओळींची गोळाबेरीज पहिल्या पानावर एका आकड्यात येते. एम ४२ म्हणजे सरासरी ४२ नॉट विरुद्ध, पी ३८ म्हणजे सरासरी ३८ नॉट बाजूने. ड्यूटीवर आल्यावर माझी नजर आधी या आकड्यावर जाते. तो पाहिला की विमान वेळेवर पोचणार की नाही याचा बराचसा अंदाज येतो.

तुमच्या प्रश्नातला हिशेब आता याच पद्धतीने करू. मोठं प्रवासी विमान ध्वनीच्या वेगाच्या साधारण ०.८४ पट वेगाने उडतं. त्या उंचीच्या थंड हवेत हे ताशी सुमारे ८९० किलोमीटर होतात, आणि हा वेग हवेच्या संदर्भात असतो, जमिनीच्या नाही. मार्ग ७,६०० किलोमीटरचा धरा आणि वारा सरासरी ४० नॉट, म्हणजे ७४ किलोमीटर. जाताना जमिनीवरून पाहिलं तर वेग ८१६ उरतो, वेळ ९ तास १९ मिनिटं. येताना वेग ९६४ होतो, वेळ ७ तास ५३ मिनिटं. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, त्याची दहाएक मिनिटं. दोन्ही टोकांना जमिनीवरची पस्तीस मिनिटं. बेरीज करा: जाताना १० तास ४ मिनिटं, येताना ८ तास ३८ मिनिटं. तुमच्या तिकिटाच्या अगदी जवळ आलो.

इथे दोन गैरसमज दूर करायला हवेत. पहिला असा की पृथ्वी पूर्वेकडे फिरते म्हणून पश्चिमेला जाताना लंडन ‘जवळ येतं’ किंवा पूर्वेला येताना मुंबई ‘लांब पळते’. हवाही पृथ्वीबरोबरच फिरत असते, विमान त्या हवेत असतं, त्यामुळे असा थेट फायदा-तोटा काही होत नाही. विषुववृत्तावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी जवळपास १,६७० किलोमीटर वेगाने फिरतो. हवा मागे राहत असती तर विमान सोडाच, घरं उभी राहिली नसती. पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध येतो तो एवढाच की त्यामुळे उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वळतात.

दुसरा गैरसमज, की जाताना जे गमावलं ते येताना भरून निघतं. निघत नाही. वरच्या हिशेबात वारा नसता तर दोन्ही बाजूंचा उडण्याचा वेळ मिळून १७ तास ४ मिनिटं झाला असता. वाऱ्यासकट तो १७ तास १२ मिनिटं झाला. वारा ८० नॉट धरा, तर साडेसतरा तासांच्या वर जातो. कारण सोपं आहे: विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं आणि अनुकूल वाऱ्यात कमी वेळ राहतं.

पावसाळ्यात चित्र बदलतं, आणि ते आपल्याच भागातलं असल्यामुळे मला त्याचं विशेष वाटतं. जूनपासून पश्चिमेचा तो पट्टा हिमालयाच्या उत्तरेला सरकतो आणि दक्षिण भारत व अरबी समुद्रावर खूप उंचीवर उलट दिशेचा, पूर्वेकडून पश्चिमेला वाहणारा जोरदार प्रवाह तयार होतो. भारतीय हवामान खात्याचे शास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५० च्या दशकात हा पूर्वेचा जेट स्ट्रीम जगापुढे मांडला. मान्सूनच्या अभ्यासात त्याला फार मोठं स्थान आहे. त्याचा गाभा विमानांच्या नेहमीच्या उंचीच्या वर असतो, पण खालीही त्याचा वारा लागतो. त्यामुळे जुलैमध्ये मुंबईहून निघालेल्या विमानाला पहिल्या दोन तासांत चक्क पाठीमागचा वारा मिळू शकतो. युरोपवर पोचल्यावर पुन्हा विरुद्ध वारा असतोच, पण एकूण प्रवास डिसेंबरपेक्षा थोडा हलका पडतो.

तिकिटावरचा वेळ ऋतूनुसार बदलतो तो यामुळेच. विमान कंपन्यांची उन्हाळी आणि हिवाळी अशी दोन वेळापत्रकं असतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी एक सुरू होतं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी दुसरं. त्या-त्या मोसमात आधीच्या वर्षांत विमानांना खरोखर किती वेळ लागला ते पाहून आकडा ठरतो. म्हणजे त्यात सरासरी वारा आणि नेहमीची गर्दी धरलेली असते.

गर्दीचं म्हणाल तर तिकिटावरचा वेळ उडण्याचा नसतोच मुळी. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. मुंबईत चाकांखालचे चॉक, म्हणजे विमान अडवून ठेवणारे ठोकळे, काढून विमान हललं तिथपासून लंडनच्या गेटवर पुन्हा चॉक लागले तिथपर्यंतचा. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी व्यवहारात एकच वापरात असते. देशातल्या सर्वांत वर्दळीच्या विमानतळांपैकी एकाचा सगळा भार एका वेळी एका पट्टीवर! गेटवरून हलल्यावर वीस मिनिटांनी चाकं जमिनीवरून सुटली तरी मी त्याला उशीर म्हणणार नाही. लंडनच्या हीथ्रोला दोन समांतर पट्ट्या आहेत, पण त्यांची क्षमता जवळजवळ पुरी वापरलेली असते. येणारी विमानं बॉव्हिंग्डन, लॅम्बोर्न, ओकॅम आणि बिगिन या चार ठिकाणी वर्तुळात फिरत आपल्या पाळीची वाट पाहतात. पूर्वी हीथ्रोला उतरण्याच्या दिशेला समोरून जोराचा वारा असला की तासाला उतरणाऱ्या विमानांची संख्या घसरायची, कारण दोन विमानांमधली फट मैलांत मोजत. २०१५ पासून तिथे ती फट सेकंदांत मोजतात, त्यामुळे अशा दिवसांचा त्रास बराच कमी झालाय. तरी दहा-पंधरा मिनिटं घिरट्या घालायला लागल्या तर घाबरायचं कारण नाही. तेवढं इंधन आम्ही धरलेलं असतं. दुसऱ्या विमानतळावर जायची पाळी आली तर त्याचं वेगळं, वाटेतल्या अनपेक्षित गोष्टींसाठी वेगळं, आणि त्याही पलीकडे अर्ध्या तासाचं शेवटचं, ज्याला हात लावायचा नसतो.

जवळच्या प्रवासात जमिनीवरच्या या वेळेचा वाटा आणखी वाढतो. मुंबई–नागपूर हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर, पण तिकिटावर दीड तासाच्या आसपास वेळ दिसतो. त्यात पूर्ण वेगाने सरळ उडण्याचा भाग जेमतेम निम्मा असेल.

कंपन्या या आकड्यात थोडा हातचा राखून ठेवतात, हे खरं आहे. वेळापत्रकाच्या पंधरा मिनिटांच्या आत पोचलेलं विमान ‘वेळेवर’ धरलं जातं, आणि कुठल्याही कंपनीला तो टक्का चांगला दिसायला हवा असतो. म्हणून परतीला चांगला वारा मिळाला तर विमान अर्धा तास आधी येऊन उभं राहतं. पण मुंबईहून तासभर उशिरा सुटलेलं विमान वाटेत वेग वाढवून तो तास भरून काढेल, ही आशा ठेवू नका. ०.८४ ऐवजी ०.८६ पट वेगाने उडवलं तरी साऱ्या प्रवासात दहा-बारा मिनिटं हाती लागतात आणि इंधन बरंच जास्त जळतं.

आता घड्याळं. सर्वांत जास्त लोक इथेच फसतात. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या शहराची स्थानिक वेळ असते. डिसेंबरात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. समजा विमान मुंबईहून दुपारी १ ला सुटतं आणि लंडनला संध्याकाळी ५:३० ला पोचतं. वरवर साडेचार तास दिसतात. पण लंडनचे ५:३० म्हणजे आपले रात्रीचे ११, म्हणजे प्रवास दहा तासांचा. मार्चच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमध्ये घड्याळं एक तास पुढे जातात, आणि एप्रिलमध्ये आई-बाबा निघतील तेव्हा फरक साडेचार तासांचा झालेला असेल. लंडनहून रात्री ९:३० ला सुटलेलं विमान मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी १०:४५ ला आलं, तर ९:३० म्हणजे आपले मध्यरात्रीनंतरचे २, आणि तिथून पावणेनऊ तास. विमानतळावर घ्यायला येणाऱ्याला तारीखही सांगा. ‘गुरुवारच्या विमानाने येतायत’ म्हटल्यावर गुरुवारी सकाळीच गाडी येऊन उभी राहिल्याचं मी पाहिलंय.

१९४८ च्या ८ जूनला एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून लंडनला पहिल्यांदा निघालं, तेव्हा ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत १० तारखेला पोचलं होतं. अंतर तेव्हाही एवढंच होतं. १९६० मध्ये एअर इंडियाकडे बोइंग ७०७ आलं आणि तेव्हापासून प्रवासी विमानांचा वेग जवळपास तिथेच आहे. नंतरची प्रगती झाली ती न थांबता जाण्यात, इंधन वाचवण्यात आणि वाऱ्याचा अंदाज आधी बांधण्यात.

तुमच्या आई-वडिलांसाठी म्हणून काही गोष्टी. थेट विमान मिळत असेल तर या वयात थोडे पैसे जास्त देऊन तेच घ्या. आखातात विमान बदलून जाणारं तिकीट स्वस्त पडतं, पण त्यात उडण्याचा वेळ थोडाच वाढतो आणि चालण्याचा, रांगांचा, वाट पाहण्याचा वेळ भरपूर वाढतो. बदलून जावंच लागलं तर दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असू द्या, आणि मधे किमान अडीच-तीन तास ठेवा. एकच तिकीट असेल तर पहिलं विमान उशिरा पोचल्यावर पुढची सोय करणं कंपनीवर येतं. वेगवेगळी काढली तर ते तुमच्या गळ्यात. व्हीलचेअर लागणार असेल तर बुकिंगमध्येच नोंदवा, विमानतळावर पोचून मागू नका.

रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या सुरू असतील तर डॉक्टरांना ‘दुपारी एकला निघून साडेपाचला पोचतात’ असं सांगू नका. ‘दहा तास विमानात, त्याआधी तीन तास विमानतळावर, नंतर दोन तास बाहेर पडून घरी जायला’ असं उलटलेल्या तासांत सांगा, आणि डोसच्या वेळा त्यांच्याकडून लिहून घ्या. इन्सुलिन घेणाऱ्यांच्या बाबतीत तर हे नक्कीच करा. औषधं हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसकट.

निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी त्याच क्रमांकाचं विमान आदल्या दिवसांत किती वाजता सुटलं आणि पोचलं ते कुठल्याही फ्लाइट ट्रॅकिंग ॲपवर पाहून घ्या. सलग तीन-चार दिवस ते वीस मिनिटं उशिरा पोचत असेल तर त्या आठवड्यात वारा किंवा मार्ग प्रतिकूल आहे असं समजा आणि लंडनमध्ये मुलीला त्याप्रमाणे निघायला सांगा. हीथ्रोला पासपोर्ट तपासणी आणि सामान यात तास-दीड तास सहज जातो, त्यामुळे विमान टेकल्याचा मेसेज आल्यावर तिने घरून निघालं तरी चालेल.